कोरियातलं न्हाणीघर आणि जिमजिलबांग: पहिल्यांदा जाणाऱ्यांचे नेहमीचे प्रश्न

प्रशिक्षणासाठी चांगवन-उल्सानकडे जाणारे इंजिनियर, सोलमध्ये शिकणारी मुलं, कोरियन मालिका बघून सहलीचं तिकीट काढलेल्या मायलेकी, या सगळ्यांकडून मला तेच ते प्रश्न येतात. पहिला प्रश्न विचारताना सगळेच अडखळतात, म्हणून तोच आधी घेते. बायकांच्या बाजूचं मी पाहिलेलं लिहिलंय, पुरुषांच्या बाजूचं नवऱ्याकडून ऐकलेलं.

खरंच सगळे कपडे काढावे लागतात का?

हो, सगळे. पण सगळीकडे नाही.

जिमजिलबांगचे, म्हणजे गरम खोल्याही असलेल्या मोठ्या न्हाणीघराचे, दोन भाग धरून चाला. एक पाण्याचा. त्यात शॉवर, गरम-थंड पाण्याचे हौद आणि एखाद-दोन छोट्या सौनाच्या खोल्या येतात. हा भाग बायकांचा आणि पुरुषांचा पूर्णपणे वेगळा असतो. तिथे अंगावर काही नसतं, पोहण्याचा पोशाखसुद्धा चालत नाही. दुसरा भाग गरम खोल्यांचा आणि त्यांच्यामधल्या मोठ्या दालनाचा. इथे स्त्री-पुरुष, आजी-आजोबा, पोरंटोरं सगळे एकत्र असतात आणि प्रत्येकाच्या अंगावर काउंटरवर मिळालेला ढगळ टीशर्ट आणि अर्धी विजार असते.

लाज वाटेलच. कपाटासमोर उभं राहून शेवटचा कपडा काढताना ती सर्वांत जास्त वाटते. आत गेल्यावर दिसतं की इथे कुणी कुणाकडे बघत बसलेलं नाही. एक जण टाच घासतोय, दुसरा डोळे मिटून गळ्यापर्यंत पाण्यात आहे, तिसऱ्याचं पोरगं साबण घेऊन पळतंय. कुणी तुमच्याकडे पाहिलंच, तर बहुतेक वेळा ते तुम्ही हौदात उतरण्याआधी अंग धुतलंत की नाही हे बघायला. ही सगळी जागा त्या एका नियमावर चालते.

मोग्योकतांग, सौना, जिमजिलबांग, ओन्चोन: यात फरक काय?

मोग्योकतांग म्हणजे गल्लीतलं न्हाणीघर. आत शॉवर, दोन-तीन हौद, एखादा सौना, बस्स. पाटीवर नुसतं 'सौना' लिहिलं असेल तरी बऱ्याचदा आत हेच असतं. कोरियात हा प्रकार जपानी राजवटीच्या काळात रुजला आणि घरोघरी गरम पाणी येईपर्यंत आठवड्याची आंघोळ तिथेच व्हायची. सोल्लाल आणि छुसोक या दोन मोठ्या सणांच्या आधी तिथे अजूनही गर्दी होते.

जिमजिलबांग म्हणजे न्हाणीघर अधिक गरम खोल्या अधिक लोळायला दालन, खानावळ, कधीकधी पुस्तकं आणि व्हिडिओ गेमसुद्धा. हा प्रकार १९९० च्या दशकात फोफावला. ओन्चोन म्हणजे जमिनीतून येणारं नैसर्गिक गरम पाणी. १९८१ च्या कोरियन कायद्याप्रमाणे २५ अंश सेल्सियस किंवा त्याहून गरम पाणी जमिनीतून आलं की ते ओन्चोन. मुंबईकराच्या हिशेबाने २५ अंश म्हणजे गारच, त्यामुळे पुष्कळ ठिकाणी ते पुढे तापवतात.

जागा शोधायची कशी?

गूगल मॅप्सवर फार विसंबू नका, कोरियात ते पायी रस्ता नीट दाखवत नाही. नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप उतरवून घ्या. रस्त्यावरची खूण लाल रंगाची असते: खाली पसरट वाटीसारखा आकार, त्यातून वर जाणाऱ्या वाफेच्या तीन नागमोडी रेघा. मात्र जुन्या मोटेलांच्या पाट्यांवरही हेच चिन्ह दिसतं, तेव्हा आत जाऊन खोलीचं भाडं ऐकायला मिळालं तर गोंधळू नका.

कोविडच्या काळात आणि नंतर गॅस-विजेचे दर वाढल्यावर पुष्कळ न्हाणीघरं बंद पडली. जी टिकली त्यांतल्या अनेकांनी रात्रीची वेळ कमी केली. 'चोवीस तास उघडं' हे जुन्या लेखात वाचून रात्री अकराला बॅग घेऊन दारात जाऊ नका; आधी फोन करा किंवा हॉटेलवाल्याला करायला सांगा.

आत गेल्यावर कोणत्या क्रमाने काय करायचं?

दारातच बूट काढायचे आणि छोट्या कपाटात ठेवायचे. त्याची चावी काउंटरवर द्यायची, पैसे भरायचे. बदल्यात मनगटात घालायचा पट्टा मिळतो, त्यावर कपड्यांच्या कपाटाचा नंबर असतो. बऱ्याच जिमजिलबांगमध्ये आत खाल्लं-प्यालेलंही याच नंबरावर लिहिलं जातं आणि बाहेर पडताना हिशेब होतो. पट्टा शेवटपर्यंत काढू नका. हरवला तर भरपाई द्यावी लागते.

पुढे दोन दारं. पाट्या फक्त कोरियनमध्ये असतील तर बायकांच्या दारावरचं 'यो' हे अक्षर डावीकडे वर्तुळाने सुरू होतं, आणि पुरुषांच्या 'नाम' या अक्षराच्या तळाशी चौकोन असतो. रंगही बहुधा लाल आणि निळा. खात्री नसेल तर पडदा बाजूला करण्याआधी कुणाला तरी विचारा.

टॉवेलचा एक जुना किस्सा इथे सांगायलाच हवा. पुरुषांच्या बाजूला टॉवेलची चळत ठेवलेली असते, हवे तितके घ्या. बायकांना मात्र बऱ्याच ठिकाणी काउंटरवर मोजून दोन देतात. बायकांच्या बाजूचे टॉवेल परत येत नाहीत, अशी मालकांची तक्रार. आणि टॉवेल म्हणजे आपला पंचा नव्हे, त्याने जेमतेम केस पुसून होतात; अंगाला गुंडाळायचा विचारही करू नका. लांब केस असतील तर घरून एक टॉवेल न्या.

कपडे कपाटात, टॉवेल आणि साबणाची पिशवी हातात, आणि थेट शॉवरकडे. साधारण तासभर पाण्यात काढून, अंग कोरडं करून, मग टीशर्ट-विजार घालून गरम खोल्यांकडे जायचं. काही लोक उलटं करतात, आधी घाम आणि मग पाणी. दोन्ही चालतं, पण पहिलं पाणी म्हणजे शॉवरच.

दुसऱ्यांनी बसलेल्या पाण्यात बसायचं? किळस नाही का वाटत?

आपल्याकडून जाणाऱ्यांचा खरा अडथळा हाच असतो, कपड्यांचा नव्हे. वाहत्या पाण्याने अंघोळ करणाऱ्याला हौदाचं पाणी उष्टं वाटतं.

कोरियन माणूस हौदात अंघोळ करत नाही. तो शॉवरखाली, बुटक्या स्टुलावर बसून, पुढ्यात प्लास्टिकचं घमेलं ठेवून डोक्यापासून पायापर्यंत साबणाने स्वच्छ होतो आणि मगच हौदात उतरतो. बादली-तांब्याने पाटावर बसून न्हालेल्या माणसाला हे बसणं शिकवावं लागत नाही. उभ्याने शॉवर घेणाऱ्या युरोपियन प्रवाशांनाच शेजाऱ्यावर पाणी उडवल्याबद्दल बोलणी बसतात. हौद म्हणजे स्वच्छ अंग शेकायची जागा. म्हणून त्यात साबण नाही, टॉवेल बुडवायचा नाही, कपडा पिळायचा नाही, पोहायचं नाही, आणि केस वर बांधलेले हवेत. डोक्याला तेल लावून गेलात तर शाम्पू करून ते पूर्ण काढा. पाण्यावर खोबरेल तेलाचा तवंग दिसला तर शेजारची आजी तुम्हाला नक्की उठवेल, आणि तिचं बरोबर असेल.

उठताना आपलं स्टूल आणि घमेलं विसळून ठेवायचं. एखाद्या आरशासमोर साबण-शाम्पूची परडी ठेवलेली दिसली तर ती जागा कुणाची तरी आहे. गल्लीतल्या न्हाणीघरात महिन्याचे पैसे एकदम भरून रोज येणाऱ्या बायका असतात, त्याला दालमोग्योक म्हणतात. त्यांच्या जागा ठरलेल्या, गप्पा ठरलेल्या, आणि परक्याने जागा घेतली की कपाळावरच्या आठ्याही ठरलेल्या. कागदोपत्री जागा कुणाचीच नसते, पण वाद घालण्यात अर्थ नाही.

कोणत्या हौदात बसू?

भिंतीवर अंश लिहिलेले असतात. ओनतांग म्हणजे कोमट-गरम, साधारण ३८ ते ४० अंश. योलतांग खरंच गरम, ४२-४३ च्या आसपास. तिथे पहिल्यांदा पाय सोडून बसा, एकदम उतरू नका. नेंगतांग थंड, वीस अंशांच्या खालीवर. सौनातून घामाघूम होऊन सरळ थंड हौदात उडी मारणं हा सगळ्यांत जास्त डोळे वटारायला लावणारा प्रकार. आधी घाम धुवायचा.

ते अंग घासून देणारे लोक... ते करून घ्यावं का?

घ्यावं. माझ्या मते एवढ्याचसाठी जायला हरकत नाही.

त्याला सेशिन म्हणतात. न्हाणीघराच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकने मढवलेली पलंगवजा मेजं असतात. बायकांच्या बाजूला काळी अंतर्वस्त्रं घातलेल्या मध्यमवयीन बायका तिथे काम करत असतात. तोच त्यांचा गणवेश. पुरुषांच्या बाजूला अर्ध्या चड्डीतले काका. आपल्या पट्ट्याचा नंबर त्यांना दाखवायचा, फळ्यावरचा हवा तो प्रकार बोटाने दाखवायचा आणि आपली वेळ येईपर्यंत गरम हौदात बसून राहायचं. निदान वीस मिनिटं भिजल्याशिवाय कातडी मऊ होत नाही. त्या दिवशी अंगाला तेल किंवा क्रीम लावून जाऊ नका. चिकटपणामुळे मळ सुटत नाही आणि मावशी वैतागते.

मग मेजावर उताणं झोपायचं. हातात घालायची एक खरबरीत पिशवी असते, बहुधा हिरवी नाहीतर लाल-पिवळी. तिला 'इथेरी थावोल' म्हणजे इटलीचा टॉवेल म्हणतात. बनते कोरियातच, जन्म १९६० च्या दशकातला, बुसानचा. ती हातात चढवून मावशी मानेपासून पावलापर्यंत घासत सुटते. अंगावर चापट पडली की कुशीवर वळायचं, पुन्हा चापट की पालथं, पुन्हा चापट की दुसरी कूस. काख, मांडीची आतली बाजू, बोटांच्या बेचक्या, काही सुटत नाही. अंगावरून राखाडी वळ्या निघतात, खोडरबराचा भुगा निघावा तशा. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्या पुणेकराच्याही निघतात. त्यात अपमान वाटून घेऊ नका. ती मेलेली कातडी असते, घाण नव्हे.

दुखतं का? थोडं. 'साल्साल हे जुसेयो' म्हणजे हळू करा, आणि 'आफायो' म्हणजे दुखतंय. दोन्ही पाठ करा. उन्हाने भाजलेली कातडी, इसब, नुकतंच केलेलं वॅक्सिंग किंवा दाढी असेल तर त्या दिवशी नको. सगळं वीस-तीस मिनिटांत संपतं, शेवटी साबणाने धुऊन देतात. तेलाचं मालीश, किसलेल्या काकडीचा चेहऱ्याला लेप, केस धुणं हे जादा पैशांचं. खर्च मोठ्या शहरात साधारण वीस-तीस हजार वॉन, पुष्कळदा रोख. बक्षिसी द्यायची पद्धत नाही.

पैसे वाचवायचे तर तीच पिशवी हजार-दोन हजार वॉनला कुठेही मिळते. हातपाय स्वतः घासता येतात, प्रश्न पाठीचा. पूर्वी शेजारी बसलेली अनोळखी बाई 'तुझी मी, माझी तू' म्हणून पाठ घासून द्यायची, अजूनही कधीकधी विचारतात. बुसान आणि आसपासच्या ग्योंगसांग भागातल्या न्हाणीघरांत तर पाठ घासायचं यंत्र असतं: भिंतीला गोल फिरणारी चकती, तिला पाठ टेकवून उभं राहायचं. सोलच्या माणसाला हे सांगितलं तर तो चकित होतो.

मेंदी, मंगळसूत्र, जानवं, गोंदण यांचं काय?

मेंदी ताजी असेल तर सेशिन विसरा. रंग वरच्या कातडीतच असतो आणि नेमकी तीच घासून काढली जाते. लग्नाची मेंदी अर्ध्या तासात फिकी झालेली पाहवत नाही.

धातूचे दागिने काढून कपाटात ठेवा. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, पैंजण हे सगळं भट्टीच्या खोलीत अंगाला चटका देण्याइतकं तापतं, आणि गंधकाच्या झऱ्यावर चांदी काळी पडते. मंगळसूत्र काढायचं नसेल तर पाण्याच्या भागात राहा आणि गरम खोल्या टाळा. धातूच्या काड्यांचा चष्माही तापतो. जानव्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. गेलं तर उत्सुकतेने विचारतील, एवढंच.

गोंदण असेल तर जपानपेक्षा कोरिया सोपा आहे. जपानमध्ये पुष्कळ न्हाणीघरं टॅटू असलेल्यांना सरळ परत पाठवतात, कोरियात गल्लीतल्या ठिकाणी सहसा कुणी काही म्हणत नाही. पाठभर चित्र असेल तर म्हातारी माणसं जरा लांब सरकतील, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर गुंडांच्या टोळ्या येतात. महागड्या हॉटेलांच्या सौनात मात्र झाकायला सांगू शकतात किंवा नाकारतात. कोरियात १९९२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे टॅटू गोंदणं फक्त डॉक्टरांनाच कायदेशीर होतं. इतरांना ते करू देणारा कायदा संसदेने २०२५ मध्ये मंजूर केला. तेव्हा नजरा अजून बदलत आहेत असं समजा.

पाळी चालू असेल तर?

हौदात उतरू नका. टॅम्पॉन किंवा कप वापरत असलात तरी तिथल्या बायकांना ते आवडत नाही. टीशर्ट-विजारीच्या भागात जायला काही अडचण नाही. कुणी विचारत नाही, कुणी बाजूला बसवत नाही.

त्या गरम खोल्या किती गरम असतात? त्रास होईल का?

खोलीगणिक वेगळं. मिठाची, पिवळ्या मातीची, कोळशाची, जेडची अशा खोल्या ४० ते ६० अंशांच्या दरम्यान असतात. तिथे चटईवर निवांत पडता येतं. बुलगामा, म्हणजे भट्टीची घुमटाकार खोली, ही याहून पुष्कळ वर जाते. तिच्यात लोक गोणपाट घेऊन शिरतात आणि पाच-दहा मिनिटांत लाल होऊन बाहेर येतात. शेवटी बर्फाची खोली. तीन-चार खोल्या फिरून मध्ये दालनात आडवं व्हायचं, पाणी प्यायचं, पुन्हा जायचं. कुठल्या खोलीने कुठला रोग बरा होतो याची पाटी दारावर असते. ती करमणूक म्हणून वाचा.

घामाने बरं करायची ही कल्पना कोरियात जुनी आहे आणि तिच्याबद्दलची सावधगिरीही तितकीच जुनी. राजा सेजोंगच्या काळात सरकारी हानजुंगसो, म्हणजे घाम काढायची ठिकाणं, होती आणि भिक्षू ती चालवत. बरं व्हायला गेलेली माणसं तिथे दगावू लागली, तेव्हा १४२२ मध्ये राजाने चौकशी करायला सांगितलं: उपयोग होत नसेल तर बंद करा, होत असेल तर कुणाला आत सोडायचं हे वैद्याने ठरवावं. सहाशे वर्षांनंतरही सल्ला तोच. रक्तदाब, हृदयविकार, गरोदरपण, ताप असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. दारू पिऊन तर मुळीच जाऊ नका. कंपनीच्या जेवणानंतर सोजूच्या नशेत सौनात शिरणं ही कोरियन पुरुषांची जुनी खोड आहे, ती उचलण्यासारखी नाही.

शाकाहारी माणसाने तिथे काय खावं?

शिखे. तांदूळ आणि मोड आलेल्या सातूपासून केलेलं गोड, थंड पेय, वर भाताची शितं तरंगत असतात. मोठ्या प्लास्टिकच्या पेल्यात मिळतं आणि घाम गाळल्यावर त्याच्यासारखं दुसरं काही नाही. अंडं चालत असेल तर तपकिरी रंगाची भाजलेली अंडी घ्या. तासन्‌तास शेकल्यामुळे आतला पांढरा भागही खमंग तपकिरी होतो. हीच जोडी सगळ्यांच्या हातात दिसेल.

बाकीचं जपून. समुद्री शेवाळाचं सूप, म्हणजे मियोक्कुक, दिसायला हिरवं असलं तरी त्यात बहुधा गोमांस किंवा शिंपले असतात. कपातल्या नूडल्सच्या मसाल्यातही मांसाचा अर्क असतो. किमचीत मासळीचं खारवण. भाजलेली रताळी, लाल चवळीसारख्या फाथ दाण्यांचा फाथबिंगसू हा बर्फाचा पदार्थ, फळं यांवर भागवता येतं. जैन मंडळींनी रताळंही वगळलं तर शिखे, फाथबिंगसू आणि फळंच उरतात, तेव्हा जेवून जा. घरचा डबा आत खाऊ देत नाहीत. गल्लीतल्या न्हाणीघरातून बाहेर पडताना केळ्याच्या स्वादाचं दूध प्यायची पद्धत आहे. रांजणासारख्या पोटाच्या त्या छोट्या बाटलीतलं दूध १९७४ पासून मिळतंय, आणि आज चाळिशीत असलेल्या कुठल्याही कोरियन माणसाला त्याबद्दल विचारा, तो आईबरोबरच्या न्हाणीघराची गोष्ट सांगेल.

मुलांना नेता येतं का? नवरा-बायकोला एकत्र बसता येतं का?

मुलगा आईबरोबर किंवा मुलगी वडिलांबरोबर पाण्याच्या भागात जायची मर्यादा आता चार वर्षं पूर्ण होईपर्यंतच आहे; २०२२ च्या आधी ती पाचाची होती. वय जन्मतःच एक वर्ष धरायच्या जुन्या कोरियन पद्धतीने नव्हे, जन्मतारखेने मोजतात. आई एकटी आणि मुलगा सहाचा असेल तर अडचण होते, यावर सोपा तोडगा नाही. लंगोटातल्या बाळाला हौदात उतरवू नका. एकोणीसपेक्षा लहान मुलांना रात्री दहा ते पहाटे पाच पालकांशिवाय थांबता येत नाही.

जोडप्यांनी दारात वेळ ठरवून वेगळं व्हायचं आणि तासाभराने दालनात भेटायचं. तिथे टॉवेलची दोन बाजूंना गुंडाळ्या केलेली टोपी घालून फोटो काढणारी जोडपी दिसतील. तिला यांगमोरी, मेंढीचं डोकं, म्हणतात. २००५ च्या एका टीव्ही मालिकेनंतर ती देशभर पसरली. सगळं अंघोळीसह एकत्रच हवं असेल तर झऱ्यांच्या गावी 'गाजोकतांग' शोधा: हौद असलेली खाजगी खोली, तासांवर भाड्याने.

फोन आत नेऊ का?

कपाटाच्या पुढे नाही. पाण्याच्या भागात फोन हातात दिसला तर लोक ओरडतील, प्रसंगी पोलीस बोलावतील. छुप्या कॅमेऱ्यांच्या गुन्ह्यांनी कोरिया त्रस्त आहे. २०१८ मध्ये सोलच्या रस्त्यांवर हजारो बायका याच्या निषेधार्थ उतरल्या होत्या. कपडे बदलायच्या खोलीत साधा संदेश वाचायलाही तो बाहेर काढू नये. दालनात चालतो. भट्टीच्या खोलीत नेलात तर बॅटरीची जबाबदारी तुमची.

रात्र काढता येते का? हॉटेलचे पैसे वाचतील.

जिथे रात्री उघडं असतं तिथे येते, थोडे जादा पैसे आणि बहुधा बारा तासांची मर्यादा. जमीन खालून तापवलेली असते, पातळ गादी आणि विटेसारखी कडक उशी मिळते. दिवे पूर्ण मालवत नाहीत, टीव्ही चालू राहतो, आणि घोरणाऱ्यांचा आवाज घुमटात घुमतो. कानात बोळे न्या. एका रात्रीची मजा म्हणून ठीक, चार दिवसांच्या मुक्कामाची सोय म्हणून नको.

बायकांनी बायकांसाठी राखलेल्या झोपायच्या खोलीत झोपावं, दालनात नव्हे. फोन आणि पाकीट कपाटात ठेवा; झोपलेल्यांच्या उशाचे फोन चोरीला जाणं हा इथला नेहमीचा गुन्हा आहे. मोठी बॅग काउंटरवर ठेवून घेतात.

परदेशी म्हणून, सावळे म्हणून, अडवतील का?

सोल-बुसानच्या मोठ्या जागी नाही. गल्लीत क्वचित. पण असं कधी घडत नाही, असं सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका. २०११ मध्ये बुसानमध्ये उझबेकिस्तानात जन्मलेल्या एका स्त्रीला सौनाच्या दारातून परत पाठवलं गेलं. तिच्याकडे कोरियन नागरिकत्व होतं आणि तिने पोलीसही बोलावले, पण अडवणं बेकायदा ठरवणारा कायदाच नव्हता. भेदभावाविरुद्धचा व्यापक कायदा कोरियात २००७ पासून चर्चेत आहे, अजून झालेला नाही. दारात कुणी हाताची फुली करून दाखवली तर दुसरीकडे जा. तिथे उभं राहून भांडण्याचा उपयोग होत नाही, हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही.

आत मात्र अनुभव बहुधा उलटा असतो. लहान मुलं टक लावून बघतात, आज्या कुठल्या देशाची म्हणून विचारतात, 'इंदो' ऐकल्यावर पुढचा प्रश्न करी रोज खाता का हा असतो.

साहेबांनी बोलावलंय. नाही म्हटलं तर चालेल का?

चालेल. 'अंग बरं नाही' एवढं कारण पुरतं, आणि तरुण कोरियन मंडळीही साहेबाबरोबरची अंघोळ हल्ली टाळतात. पण जमत असेल तर जा. कचेरीत दिवसभर वाकून नमस्कार करवून घेणारा माणूस हौदात मुलाच्या परीक्षेबद्दल बोलतो, असं नवरा सांगतो. एकमेकांची पाठ घासायची वेळ आली तर वयाने लहान असलेल्याने आधी पुढे व्हावं.

लाज सुटतच नसेल तर गेल्या काही वर्षांत सोलमध्ये एकाच गिऱ्हाइकासाठीची सेशिनची दुकानं निघाली आहेत. बंद खोली, टब, घासून देणारी बाई आणि तुम्ही. आधी वेळ घ्यावी लागते आणि न्हाणीघराच्या कितीतरी पट पैसे पडतात.

कुठे जावं?

पहिल्याच खेपेला सगळं नीट, इंग्रजी पाट्यांसह हवं असेल तर बुसानचं स्पा लँड. शिनसेगे सेंटम सिटी या अवाढव्य दुकानाच्या आतच आहे. चार तासांची मर्यादा असते आणि शनिवार-रविवारी रांग, तेव्हा मधल्या वारी सकाळी जा. तिथून मेट्रोने तोंगने भागात गेलात तर होसिमचोंग हे मोठं झऱ्याचं न्हाणीघर लागतं. ओन्चोनजांग स्टेशनला उतरायचं.

सोलहून लोकल रेल्वेने, पहिल्या मार्गावरून, ओन्यांग ओन्चोन स्टेशनपर्यंत जाता येतं. दोन तासांहून जास्त लागतात. राजा सेजोंग १४३३ मध्ये राणीला घेऊन याच झऱ्यावर आला होता. आज गाव जरा उतरलेलं आहे, आणि मला ते तसंच आवडतं: स्वस्त न्हाणीघरं, बाजार, आणि गाडीतून नुसतं अंघोळीला आलेले निवृत्त आजोबा. कपडे काढायचेच नसतील तर देजॉनच्या युसोंगला रस्त्याकडेला फुकटचे गरम पाण्याचे पाट आहेत. विजार गुडघ्यापर्यंत दुमडून बसा.

पण खरं विचाराल तर तुम्ही राहता त्या गल्लीतलं न्हाणीघर आधी बघा. आठ-दहा हजार वॉन, म्हणजे पाच-सहाशे रुपयांच्या आसपास. जिमजिलबांगला त्याच्या दीडपट-दुप्पट. साबणाची वडी असते, शाम्पू नसतो. केस वाळवायच्या यंत्रात शंभर वॉनचं नाणं टाकावं लागतं, सुटे घेऊन जा. आणि आठवड्यातून एक दिवस ते बंद असतं, कोणता ते दारावरच्या पाटीवर.